पाणी घातलं होतंस का

मशीननं घसा खाकरल्यासारखं केलं, कपात दोन थेंब टाकले आणि ते गप्प झालं. अमालियानं आधी मशीनकडे पाहिलं, मग कपाकडे, मग मागची टाकी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. टाकीत पाणी होतं, चांगलं काठोकाठ होतं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्वतःचाच राग आला, की बाई गं, मशीन बंद पडलंय आणि तू हुश्श कसली करतेस? पण हुश्श झालं ते झालंच. पाणी होतं, म्हणजे आपण पाणी विसरलो नव्हतो. तिनं टाकी परत बसवली, बटण दाबलं, आतून एक लांबलचक घरघर आली आणि तीही थांबली. आडात होतं ते पोहऱ्यात येत नव्हतं. पुडीच्या चाळणीची मूठ फिरवून काढली तर पूड वर नुसती दमटलेली, खाली कोरडी ठणठणीत. स्वयंपाकघराची खिडकी आतल्या चौकात उघडत होती, आणि सकाळच्या या वेळी पाचही मजल्यांच्या कॉफ्यांचा वास त्या चौकात जमून वर चढायचा. नेपल्समध्ये कुणाच्या घरी कोण उठलंय आणि कोण नाही हे सांगायला घड्याळ लागत नाही. समोरच्या दारातली तितिना तर वासावरून सांगायची की आज दुसऱ्या मजल्यावर स्वस्तातली पूड आणलीय. तिला कळायला किती वेळ लागणार होता? अमालियानं खिडकी लावून घेतली, आणि मग खिडकी लावल्यानंच कळेल असं वाटून परत उघडली. तेवढ्यात फोन वाजला.

फोन दारिओचा होता. बोलोन्याहून रोज सकाळी कामावर जाताना तो फोन करायचा आणि विचारायचा, "कॉफी झाली का?" एवढंच. तब्येत कशी आहे, रात्री झोप लागली का, गोळी घेतलीस का, हे सगळे प्रश्न त्यानं त्या एका प्रश्नात कोंबून ठेवले होते, आणि तीही शहाण्यासारखी त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर द्यायची. आजही तिनं तेच दिलं. झाली, म्हणाली. कशी झाली होती, यावर छान म्हणाली. मग त्यानं तिकडच्या थंडीबद्दल काहीतरी सांगितलं, ओरिएता, म्हणजे त्याची बायको, तिचा नमस्कार सांगितला, आणि जाताजाता सहज सांगावं तसं सांगितलं की मागची खोली रंगवून झाली. कुठला रंग, असं तिनं विचारलं नाही. फिकट पिवळा, त्यानंच सांगून टाकलं. फोन ठेवून ती खुर्चीत बसली. खोली वाईट नसेल. ओरिएता वाईट नव्हती, बोलोन्या वाईट नव्हतं, तिथल्या लोकांना खायला-प्यायला कळतं असंही ती ऐकून होती. पण त्या खोलीत जाणं म्हणजे हे घर बंद करणं होतं, आणि हे घर बंद करायला दारिओला एकच निमित्त हवं होतं. असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होता, हेही तिला समजत होतं. त्याला निमित्त नको होतं, त्याला भीती वाटत होती. त्याच्या डोळ्यांत ती भीती तिनं पाहिली होती, याच स्वयंपाकघरात, रेनातोला, तिच्या नवऱ्याला, जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा.

त्या सकाळी ती उठली, गॅस पेटवला, त्यावर कॉफीदाणी ठेवली आणि खिडकीशी उभी राहिली. तीच जुनी अष्टकोनी ॲल्युमिनियमची कॉफीदाणी, खाली पाणी, मधल्या चाळणीत पूड, वर चढून येणारी कॉफी. लग्नानंतर घेतलेली. नेहमीसारखी ती आवाजाची वाट पाहत होती, कॉफी वर येतानाच्या त्या गुरगुरण्याची, आणि आवाजाऐवजी वास आला. रबर जळल्याचा वास. मागून दारिओ धावत आला, त्यानं गॅस बंद केला, फडक्यानं कॉफीदाणी उचलून नळाखाली टाकली आणि केवढा तरी फुस्कारा होऊन सगळी खोली वाफेनं भरली. मूठ वितळून अर्धी खाली लोंबत होती. आतलं रबराचं कडं काळं पडून चिकटलं होतं. "आई, पाणी घातलं होतंस का?" त्यानं विचारलं. तो ओरडला असता तरी चाललं असतं. तो हळू आवाजात विचारत होता, लहान मुलाला विचारावं तसं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला खुर्चीत बसवलं, आणि त्याच दुपारी बाहेर जाऊन हे मशीन घेऊन आला. चांगलं भारीतलं घेतलं. यात विस्तव नाही, आपोआप बंद होतं, दोन वर्षांची गॅरंटी आहे, असं तो तिला समजावत राहिला, आणि ती मान हलवत राहिली. गंमत म्हणजे टोमॅटोचा रस्सा त्याच गॅसवर ती सकाळपासून दुपारपर्यंत रटरटवायची, तळण तळायची, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. भीती होती ती फक्त कॉफीची. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, पण यानं दुधाचं भांडंच उचलून फेकून दिलं. अगदी शब्दशः. जळकी कॉफीदाणी त्यानं खालच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली, आणि तो बोलोन्याला परतल्याच्या संध्याकाळी अमालिया खाली जाऊन ती घेऊन आली. नवं रबर आणून बसवलं, घासली फक्त बाहेरून, आणि फळीवर मोठ्या पातेल्यांच्या मागे ठेवून दिली. नंतर तिला हात लावला नाही.

कार्मिनेला तितिनानंच बोलावलं. लपवणार कुठपर्यंत, दोन दिवस अमालियाच्या घरून कॉफीचा वास आला नाही तेव्हा तितिना दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, की एकतर तू मेलीयस नाहीतर मशीन मेलंय, आणि तू तर समोर उभी दिसतेस. कार्मिने तिच्या भाच्याचा मित्र, मशिनं दुरुस्त करायचा. आधी अमालियानं मशीनचं खोकं काढून त्यावरच्या नंबराला फोन करून पाहिला होता. तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की गॅरंटी फेब्रुवारीत संपली. अमालियाला ते माहीत होतं. फेब्रुवारीत रेनातोच्या नावानं दुसऱ्या वर्षाची प्रार्थना झाली होती, आणि चर्चच्या पायऱ्या उतरताना तिच्या मनात आलं होतं की मशीनचीही दोन वर्षं झाली. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता मात्र तिला वाटायला लागलं, की सगळ्यांनी मिळून तिलाही दोन वर्षांचीच मुदत दिली असावी. एवढे दिवस सांभाळू, पुढचं तुमचं तुम्ही बघा. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ती स्वतःची परीक्षा घ्यायची. रेनातो जी दोरगाडी चालवायचा, खालच्या शहरातून टेकडीवर चढणारी, तिची स्टेशनं आठवायची. ती चारच होती, आणि जन्मभर नवरा तीच वरखाली करत राहिल्यावर ती विसरणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्या परीक्षेत पास होण्यात राम नव्हता. मग ती इमारतीतल्या माणसांवर यायची, मजल्यामजल्यानं, हयात असलेली आणि नसलेली. एका रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या, कुत्रा पाळणाऱ्या वकिलाच्या बायकोचं नाव आठवेना. कुत्र्याचं आठवत होतं. ती दिवा लावून उठून बसली. सकाळी तितिनाला विचारलं तर ती म्हणाली, तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, सगळे वकिलीणबाईच म्हणायचे. अमालिया हसली, पण मनातली टोचणी गेली नाही. पाणी विसरले नव्हते, असं ती स्वतःला सांगायची, आणि सांगताना दर वेळी आवाज थोडा खाली जायचा.

कार्मिने आला, मशीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवं केलं, स्क्रू काढायला लागला, आणि अमालियाच्या लक्षात आलं की घरात माणूस आलाय आणि त्याला द्यायला कॉफी नाही. असं या घरात कधी झालं नव्हतं. नळ दुरुस्त करायला येणारा, पत्र घेऊन येणारा, मीटर बघायला येणारा, प्रत्येक जण इथं कॉफी पिऊन जायचा, आणि इमारतीत म्हण होती की दोन्ना अमालियाकडे, म्हणजे अमालियाबाईंकडे, जायचं तर निमित्त कशाला, कॉफी आहेच. आता ती हात चोळत उभी. तितिना म्हणाली, "उभी काय राहतेस, मी आणते," आणि पाच मिनिटांत आपल्या दारातून या दारात आली, हातात ट्रे, ट्रेवर तीन कप, कपांवर बशा पालथ्या घातलेल्या, वर पांढरं फडकं. अमालियानं ते फडकं पाहिलं आणि ट्रे घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. शेजारणीच्या घरून फडक्याखाली झाकून कॉफी येते ती एकाच घरात, जिथं माणूस गेलंय त्या घरात. तिथं चूल पेटवायची नसते. रेनातो गेला तेव्हा तीन दिवस अशीच कॉफी आली होती, तितिनाकडून, चौथ्या मजल्यावरून, दोरगाडीवरच्या लोकांच्या बायकांकडून, थर्मासमधून, किटल्यांमधून, साखर आधीच घातलेली, कारण दुःखात माणसानं साखर ढवळत बसू नये. तिनं ती सगळी प्यायली. रात्रंदिवस पीत राहिली. आणि त्या तीन दिवसांत तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही, की या कॉफ्या थांबतील तेव्हा आपल्या कॉफीदाणीत पाणी नसेल.

कारण पाणी रेनातो घालायचा. ही गोष्ट दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हती. दारिओच्या वेळी अमालियाला पहिल्या महिन्यांत कॉफीच्या पुडीचा वास सहन होत नव्हता, डबा उघडला की उलटी यायची. तेव्हा एके रात्री रेनातोनं जेवण झाल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि स्वतः कॉफीदाणी भरली, पाणी बरोबर झडपेच्या खाली, पुडीचा छोटासा डोंगर, न दाबता. ओट्यावर ठेवून दिली, मूठ उजवीकडे, भिंतीच्या बाजूला. सकाळी तिनं नाक दाबून नुसता गॅस पेटवायचा. दारिओ जन्मला, मोठा झाला, शाळेत गेला, पण रेनातोनं रात्री ते दार लावून घेणं सोडलं नाही. ती म्हणायची, अरे आता मला जमतं. तो म्हणायचा, असू दे गं. दिवसभर एकच दोरगाडी वर नेऊन खाली आणणारा हा माणूस, घरी मीठ हवं असलं तरी जागेवरून हाक मारायचा, त्याला अंडं उकडता येत नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. गाडीवरच्या मित्रांमध्ये छाती फुगवून सांगायचा की कॉफी प्यावी तर आमच्या अमालियाच्या हातची. आणि रात्री अंधारात तिच्या कानाशी म्हणायचा, कुणाला सांगू नकोस हं, नाहीतर उद्या मला एप्रन भेट देतील. तिनं सांगितलं नाही. सासूनं तिच्या कॉफीचं कौतुक केलं, तेव्हाही नाही. कौतुक ऐकून रेनातो टेबलाखाली तिच्या पायाला पाय लावायचा आणि ती मान खाली घालून बिस्किटं पुढे करायची. दुपारची कॉफी तीच करायची, पाहुण्यांचीही तीच करायची, पण सकाळची, दिवसाची पहिली, ती त्याची होती. म्हणून त्या सकाळी ती उठली, गॅस पेटवला आणि ओट्यावरची कॉफीदाणी तशीच वर ठेवली. हलकी लागली होती का हाताला? लागली असेल. हाताला कळलं असेल, पण हात तिला सांगायला घाबरला असेल.

"दोन्ना अमालिया," कार्मिने म्हणाला, "हा दिवा कधीपासून लागतोय?"

मशीनच्या कोपऱ्यात एक केशरी दिवा होता. हिवाळ्यापासून, ती म्हणाली. मग, असं त्यानं विचारलं. मग काय, तिनं लागू दिला. त्यानं तितिनाकडे पाहिलं, आणि तितिनानं छताकडे. अमालियाला त्या दोघांचं पाहणं दिसलं आणि त्याचा अर्थही कळला, कारण असंच पाहतात, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरून, दोन शहाणी माणसं. तिनं तो दिवा पाहिला नव्हता असं थोडंच होतं? रोज पाहायची. मशीनशेजारी रेनातोचा फोटो होता, गणवेशातला, टोपी जरा तिरकी. दफनभूमीच्या भिंतीत त्याला ठेवलं होतं त्या कोनाड्यावर विजेचा एवढासा दिवा होता आणि हिवाळ्यात त्याचा बल्ब उडाला होता. गुडघ्यांमुळे तिचं तिथं जाणं होत नव्हतं, बल्ब बदलायला सांगायचं राहून जात होतं, आणि जीव खात होतं. तशात एका सकाळी मशीनवर हा केशरी दिवा लुकलुकायला लागला, बरोबर फोटोच्या बाजूला, त्याची टोपी उजळवत. ती काही खुळी नव्हती. दिव्याचा काहीतरी अर्थ आहे, मशीनला काहीतरी हवंय, हे तिला कळत होतं. पण कॉफी तर येत होती. मग असू दे म्हणाली. तिथला विझला तर इथला लागलाय, तेवढंच बरं वाटायचं. आता हे या पोराला कसं सांगणार? कार्मिने सांगत होता की हा दिवा लागला की पाण्यात औषध घालून मशीन आतून धुवायचं असतं, नाहीतर पाण्यातला चुना साठतो. साठून साठून आत भिंत उभी राहिलीय, पंप त्या भिंतीवर डोकं आपटून जळला.

"चुना? आपल्या पाण्यात?" अमालियाचा आवाज चढला. या शहरातली कॉफी चांगली होते ती या पाण्यामुळे, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि कॉफीचं भांडं आतून धुवायचं? औषधानं? कॉफीदाणीला साबण लावणारी सून या गल्लीत कुणी पाहिली होती का? जुन्या कॉफीचा थर आत बसतो म्हणूनच नव्या कॉफीला चव येते. तितिनानं लगेच तिची बाजू घेतली, म्हणाली की माझ्या सासूनं एकवेळ मला साबण लावून धुतलं असतं, भांडं धुतलं नसतं. कार्मिने हसला. माझी आईही धुऊ देत नाही, म्हणाला, पण हे मशीन आहे, याला ते कुणी सांगितलंच नाही. दुरुस्तीचं विचारलं तर त्यानं मान हलवली. गॅरंटीत असतं तरी हे त्यात बसलं नसतं, असं त्यानं फार हळुवारपणे सांगितलं, आणि त्याच क्षणी बाहेरच्या खोलीत फोन वाजला. अमालिया उठेपर्यंत तितिनानं तो घेतलासुद्धा. तितिनाचं मन साफ, पण तोंडाला कडी नाही. अगं बाई दारिओ, म्हणाली, सगळं ठीक आहे रे, काळजी करू नकोस, मशीन फाडून ठेवलंय टेबलावर, आत म्हणे कधी धुतलंच नाही, कित्येक महिने दिवा लागला होता, ही बसली होती बघत. मग तिनं फोन अमालियाच्या हातात दिला. पलीकडून दारिओ म्हणाला, की मी शनिवारी येतो.

शनिवारी तो आला तेव्हा तिनं बटाट्याचा पाव केला होता, त्याला लहानपणापासून आवडणारा, आत चीज घातलेला. तो भरपूर जेवला, तितिनाच्या गमती ऐकून हसला, आणि जेवण झाल्यावर उठून मशीन पाहायला गेला. ते टेबलाच्या टोकाला झाकण उघडं टाकून पडलं होतं. कार्मिनेनं आतली नळी काढून ठेवली होती आणि तिच्या तोंडाशी पांढरा दगड धरला होता. दारिओनं ती नळी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. अमालिया बशा पुसत होती. त्याला काय बोलायचंय ते तिला कळत होतं, आणि तो ते किती हळू, किती जपून बोलणार आहे तेही कळत होतं. त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बापासारखाच पाठीत जरा वाकून तो उभा होता, केस पिकायला लागले होते. त्यालाही झोप लागत नसेल, तिला वाटलं, तिकडे अंथरुणावर पडून हा माझी स्टेशनं मोजत असेल.

"आई, रागावू नकोस," तो म्हणाला. "पण आधी ते पाणी, आणि आता हे."

"हे मी विसरले नाही. कॉफीचं भांडं आपल्यात कोण धुतं?"

दारिओच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांच्याकडचं ओरिएता धुते, असं तो म्हणाला, आणि जरा थांबून, की ती धूत असते तेव्हा मी खोलीबाहेर जातो, बघवत नाही. मग त्याचा चेहरा परत तसाच झाला. "ठीक आहे. पण पाणी?"

तिनं हातातली बशी ठेवली. मागे भिंतीशी रेनातोचा फोटो होता, तिरकी टोपी घातलेला, आणि त्याला दिलेला शब्द तिनं सासूपाशी मोडला नव्हता, तितिनापाशी मोडला नव्हता, भीतीनं रात्ररात्र डोळा लागला नाही तरी स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा मोडला नव्हता. शिवाय ते सांगणं म्हणजे त्याचं शेवटचं उरलेलं काहीतरी हातचं घालवणं. पण घर गेलं तर कुठली रात्र आणि कुठलं दार लावून घेणं. माफ कर रे बाबा, ती मनात म्हणाली.

"मी पाणी विसरले नव्हते," ती म्हणाली. "पाणी तुझे बाबा घालायचे. रोज रात्री. पाणी, पूड, सगळं तेच भरून ठेवायचे, तू पोटात होतास तेव्हापासून. मी सकाळी उठून फक्त गॅस पेटवायचे. त्या दिवशीही तेच केलं."

"बाबा?" तो म्हणाला. "बाबांना अंडं उकडता येत नव्हतं."

"कॉफी यायची."

मग तिनं खुर्ची फळीखाली ओढली, वर चढायला लागली, आणि त्यानं घाईघाईनं तिला धरून स्वतः हात वर घातला. पातेल्यांच्या मागे, ती म्हणाली. अर्धी वितळलेली मूठ हाताला लागताच त्यानं ओळखलं. ही तर मी फेकली होती, म्हणाला. त्यानं कॉफीदाणी टेबलावर ठेवली आणि वरचा भाग फिरवून उघडला. आट्यावर आटे घासून चर्र असा आवाज झाला आणि तो जागच्या जागी थांबला. पुन्हा बंद केली, पुन्हा उघडली. लहानपणी झोप लागता लागता भिंतीपलीकडून हा आवाज यायचा, तो म्हणाला. रोज. तो आला की घर बंद झालं, आता काही होणार नाही, असं वाटायचं. "मला वाटायचं ती तू." ती नाही म्हणाली. तो खाली बसला, दोन्ही हातांत ती जुनी कॉफीदाणी धरून, आणि रडायला लागला. बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता, कागदपत्रं, शवपेटी, फुलं, पाद्री, सगळं त्यानं न रडता पार पाडलं होतं. अमालियानं त्याच्या पिकत्या केसांवरून हात फिरवला. तिला हलकं वाटत होतं, आणि रेनातोची चोरी उघड केल्याची लाजही वाटत होती. पिवळ्या खोलीबद्दल तिनं विचारलं नाही आणि त्यानंही काही सांगितलं नाही. किती तरी दिवसांनी त्या रात्री ती स्टेशनं न मोजता झोपली.

सकाळी उठली तेव्हा दारिओच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात आली. ओट्यावर कॉफीदाणी होती. आज आपणच भरायची, मुलाला आपल्या हातची पाजायची, असं ठरवून तिनं ती उचलली, आणि हात तिथंच थांबला. जड होती. आत पाणी डुचमळलं. रात्री आपण हिला हात लावला नव्हता. लावला होता का? जेवणानंतर बशा पुसल्या, तो रडला, मग त्याच्यासाठी पांघरूण काढलं, मग? तिनं सगळी संध्याकाळ पुन्हा एकदा पायरी पायरी उतरून पाहिली आणि पाणी भरल्याचं कुठंच सापडेना. म्हणजे आता हेही सुरू झालं, केलेलं आठवत नाही. म्हणजे दारिओचंच खरं होतं, आणि काल त्याला सांगितलं ते तरी खरं होतं, की तेही आपण मनानंच रचलेलं? ती कॉफीदाणी घट्ट धरून उभी राहिली. मग खाली ठेवायला म्हणून वळली, आणि तिला ओट्यावर सांडलेली पूड दिसली, केवढी तरी, सांडून नंतर तळहातानं लोटायचा प्रयत्न केलेली. रेनातो एक कण सांडत नसे. आणि कॉफीदाणी जिथून उचलली होती तिथं ओला अष्टकोन उमटला होता, मुठीचा ओघळ डावीकडे, मोरीच्या बाजूला. रेनातो मूठ कायम उजवीकडे ठेवायचा. या घरात डावखुरा एकच होता. शाळेत मास्तरांनी छड्या मारूनही त्याचा डावा हात सुटला नव्हता.

तिनं कॉफीदाणी शेगडीवर ठेवली, मूठ डावीकडेच राहू दिली, आणि गॅस पेटवला. खिडकीशी जाऊन उभी राहिली. चौकात चौथ्या मजल्याचा वास येऊन गेला होता, तितिनाचा येत होता. मागे गुरगुर सुरू झाली. तिनं बसवलेलं रबर दोन वर्षं फळीवर राहून कडक झालं होतं, त्यामुळे जोडावरून वाफ आणि कॉफी फसफसत बाहेर येत होती, तिनं फडक्यानं टिपून घेतली.

"कॉफी झाली का?" दारातून दारिओनं विचारलं. केस विस्कटलेले, पायात चपला नाहीत.

"होतेय."

तो येऊन शेजारी उभा राहिला. दोघांनी कॉफी वर चढताना पाहिली. पूड त्यानं दाबून भरली होती, त्यामुळे ती कडवट झाली होती आणि थोडी जळकीही लागत होती. अमालियानं सगळी प्यायली. त्यानं कप रिकामा करून बशीत ठेवला, कॉफीदाणीच्या जोडावरचा ओघळ बोटानं पुसून पाहिला आणि म्हणाला, "हे रबर गेलंय. पुढच्या वेळी येताना नवं घेऊन येतो."

अमालियानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं.

"दोन आण," ती म्हणाली. "एक रबर दोनच वर्षं टिकतं."